शेवटचा शब्द कोणाचा?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मागच्या महिन्यात ग्रुपवर एका ताईंनी लिहिलं होतं, "घरात कोणी गेलं तर काय काय करायचं त्याची एक यादी टाका ना. वेळेवर काही सुचत नाही." यादी करायला बसले. दीड पान झालं आणि वाटलं, यादीपाशी कोणाचं घर अडत नाही. डॉक्टर, दाखला, गाडी, मुक्तिधाम, रसीद ही कामं शेजारचा मुलगाही धावत जाऊन करतो. अंत्यसेवेच्या निमित्तानं गेली आठ-नऊ वर्षं इंदूरमधल्या आपल्या घरांत जाते आहे. घरं अडतात ती दुसरीकडे. बाहेर जिन्यात तिघं-चौघं दबक्या आवाजात वाद घालत असतात. लाकडं की विद्युत? डोळे द्यायचे की नाही? अमेरिकेचा येईपर्यंत थांबायचं का? अग्नी कोण देणार? आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असतं, "त्यांना हेच आवडलं असतं." ते स्वतः आतल्या खोलीत, चादरीखाली. त्यांना विचारायची सोय नाही.

तेव्हा यादीतलं महत्त्वाचं सांगतेच, पण या वादाबद्दल आधी बोलू या. गेलेल्या माणसाच्या इच्छेला मान किती? आणि मागे राहिलेल्यांच्या मनाला किती?

आपल्या सत्संगातल्या एका काकांनी याचं सरळ उत्तर दिलं होतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात देहाला जुनं वस्त्र म्हटलंय ना? मग टाकलेल्या वस्त्राचं पुढे काय झालं यानं टाकणाऱ्याला काय फरक पडतो? जाळा, पुरा, दान करा. त्याची इच्छा त्याच्याबरोबर गेली, आता उरलेल्यांच्या सोयीनं करावं. ऐकायला पटतं. मी त्यांना एवढंच विचारलं, की काका, तुमच्या आईनं जाताना तुमच्या हातात शंभर रुपये ठेवले आणि म्हणाली, "दूधवाल्याची बाकी राहिली आहे, देऊन टाक." आई गेली म्हणून ते पैसे खिशात घालाल का? काका हसले. मुद्दा वस्त्राचा नाहीच. मुद्दा शब्दाचा आहे. इच्छा सांगणारा गेला, पण "बरं, करू हो तसं" म्हणणारा अजून इथेच उभा आहे.

रामायणात हेच आहे. भरत चित्रकूटला पोचला तेव्हा ज्यानं वचन दिलं तो दशरथ हयात नव्हता. सगळी अयोध्या "परत चला" म्हणून विनवत होती. वडीलच नाहीत तर वडिलांचा शब्द कशाला, असा हिशेब रामानं मांडला नाही.

मग गेलेल्याचं प्रत्येक बोलणं आज्ञा समजायची का? तसंही मला वाटत नाही. किती घरं पाहिल्यावर माझ्या मनात एक वाटणी झाली आहे, ती सांगते. पटली तर घ्या. देहाचं काय करायचं, हे ज्याचा देह त्यानं सांगावं, आणि ते आपण ऐकावं. अग्नी की दान, लाकडं की विद्युत, कोणत्या नदीत अस्थी. पण त्याच्या मागे बायकोनं किती दिवस दिवा लावायचा, संध्याकाळी गरुडपुराण ऐकायचं की नाही, तेरावा करायचा की नाही, हे ज्यांचं दुःख त्यांनी ठरवावं. आपण गेल्यावर दुसऱ्यानं कसं रडायचं हे सांगून जाण्याचा हक्क कोणाला नाही, कितीही मोठा माणूस असो. आणि तिसरे ते लोक. लोकांचा शब्द यात कुठेच बसत नाही. पण जिन्यातल्या वादात सगळ्यात मोठा आवाज त्यांचाच असतो, आणि बहुतेक वेळा ते तिथे हजरही नसतात. कोणीतरी त्यांच्या वतीनं बोलत असतं.

देहाबद्दल लिहून ठेवणारी माणसं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. महात्मा फुल्यांनी १८८७ साली मृत्युपत्र केलं, त्यात आपला देह जाळू नये, मिठात घालून पुरावा असं लिहिलं होतं. नोव्हेंबर १८९० मध्ये ते गेले. घरामागे खड्डासुद्धा खणलेला होता, पण वस्तीत पुरायला पालिकेनं परवानगी दिली नाही आणि शेवटी दहन करावं लागलं. दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद काढला, तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढे चालल्या. एक इच्छा पुरी करता आली नाही, पण म्हणून लोक म्हणतील तसं त्यांनी होऊ दिलं नाही. विचारांनी फुल्यांपासून कितीतरी दूर असलेले सावरकर १९६६ साली गेले. त्यांनीही लिहून ठेवलं होतं, की देह वाहनातून न्यावा, विद्युतदाहिनीत द्यावा, दुकानं बंद ठेवू नयेत, पिंडदान वगैरे करू नये. मुंबईत चंदनवाडीच्या विद्युतदाहिनीत त्यांचं दहन झालं. (त्यातली पिंडाची गोष्ट त्यांनी मागच्यांवर सोडायला हवी होती असं माझ्या वाटणीप्रमाणे होतं. पण त्यांना सांगणारी मी कोण!) दोन टोकांची दोन माणसं, आणि आपल्या देहाचा प्रश्न दुसऱ्यावर टाकून जायचं नाही यावर मात्र दोघं एक.

आता घरातलं.

पहिले सहा तास महत्त्वाचे, कारण डोळे द्यायचे असतील तर त्या वेळातच द्यावे लागतात. पहिला फोन डॉक्टरला, दुसरा नेत्रपेढीला, मग नातेवाइकांना. आपण नेमकं उलटं करतो. आधी पन्नास जणांना कळवतो, आणि त्यातले दहा जण येऊन "डोळे कशाला काढता, पुढच्या जन्मी आंधळा जन्मेल" म्हणतात. डॉक्टरांनी मृत्यू झाल्याचं सांगितलं की पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, उशीनं डोकं थोडं उंच करा आणि पंखा बंद करा. पंख्यानं डोळे सुकतात. ए.सी. चालतो. माणसं घरी येतात, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असलं, चष्मा असला, मधुमेह असला तरी बहुतेक वेळा डोळे चालतात. एड्स, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असं काही असेल तर घेत नाहीत, ते तेच विचारतात. त्वचादानही साधारण याच वेळात होतं, मांडीची-पाठीची अगदी पातळ साल घेतात आणि पट्टी बांधून देतात. भाजलेल्या रुग्णांना ती लागते.

एका घरी दहाव्या दिवशी आजोबांचं पेन्शनचं पासबुक शोधताना नेत्रदानाचं कार्ड सापडलं. बारा वर्षांपूर्वी भरलेलं, खाली सही. मुलगी ते कार्ड हातात धरून कितीतरी वेळ नुसती बसून होती. "बाबा आम्हाला बोलले कसे नाहीत?" बोललेही असतील. एखाद्या रविवारी जेवताना बोलले असतील आणि कोणीतरी म्हटलं असेल, "जेवताना काय हे अभद्र!" आपल्या घरांत हा विषय असाच मिटतो. कायद्यात लेखी संमतीला मान आहे, पण घरातल्या कोणी फोनच केला नाही, कागदावर सही केली नाही, तर कार्ड कपाटातच राहतं. म्हणून नुसतं कार्ड भरलं म्हणजे दान केलं असं समजू नका. ते दान तुमच्या वतीनं दुसऱ्या कोणाला तरी करायचं आहे, आणि तेही आयुष्यातल्या सगळ्यात वाईट दिवशी.

देहदानाचं तर आणखी अवघड. आपल्याकडे महात्मा गांधी मेमोरियल मेडिकल कॉलेजात देहदान होतं, बाकीच्या गावांत तिथल्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात चौकशी करावी. पोस्टमॉर्टम झालं असेल किंवा काही संसर्गजन्य आजार असेल तर ते नाकारू शकतात, म्हणून घरच्यांनी दुसरी तयारीही मनात ठेवावी. "मग क्रिया कशी होणार? गती कशी मिळणार?" हा प्रश्न प्रत्येक घरी येतो, आणि तो हसण्यावारी नेऊ नये. विचारणारी बहुतेक वेळा आई असते किंवा बायको. आपल्या शास्त्रात देह मिळालाच नाही तर दर्भाचा किंवा पळसाच्या पानांचा पुतळा करून विधी करायची सोय आहे. जाणत्या गुरुजींना विचारा, ते सांगतील. आणि वज्रासाठी अस्थी देणारे दधीची आपल्याच पुराणातले.

२०१५ साली इंदूरमध्ये पहिला ग्रीन कॉरिडॉर झाला. खरगोनकडच्या एका शेतकऱ्याचा मेंदू मृत झाला होता, त्यांच्या घरच्यांनी अवयव दिले. तेव्हा शहरात केवढी चर्चा झाली होती! आता अशा बातम्या वरचेवर येतात. आपल्या शहराला ही सवय लागली याचं मला स्वच्छतेच्या नंबरापेक्षा जास्त कौतुक आहे.

थांबण्याबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण आता प्रत्येक घरातलं एक तरी मूल बाहेर आहे. पुणे-बंगलोर असेल तर प्रश्न नाही, रात्रीतून येतं. पण अमेरिका, ऑस्ट्रेलिया म्हणजे दीड-दोन दिवस. कोणी म्हणतं, प्रेत घरात ठेवू नये. कोणी म्हणतं, मुलगा आल्याशिवाय उचलायचं नाही. जुनं उदाहरण सांगायचं तर दशरथाचा देह तेलाच्या द्रोणीत ठेवला होता, दूत केकय देशाला गेले, भरत आला आणि मग दहन झालं. म्हणजे थांबणं अशास्त्रीय नाही. पण कोणासाठी थांबतो ते पाहावं. गेलेल्याची ओढ होती का? मागे राहिलेल्या आईला मुलाच्या खांद्यावर डोकं टेकायचं आहे का? मग जरूर थांबावं. नुसतं "मुलगा असून भाच्यानं अग्नी दिला" हे कोणी म्हणू नये म्हणून थांबत असाल, तर आधी आईकडे बघा. मी एक घर पाहिलं, शीतपेटी हॉलमध्ये, तिची घरघर चालू, काचेवर पाणी जमलेलं, आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू त्याच्या शेजारी खुर्चीवर सदतीस तास. जेवल्या नाहीत, झोपल्या नाहीत. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. शेवटी मुलाचं विमान दुबईला चुकलं, तेव्हा त्याच फोनवर म्हणाल्या, "बाळा, तू ये सावकाश. मला आता यांना थंडीत ठेववत नाही." मुलानं व्हिडिओवर नमस्कार केला. तो दोन दिवसांनी आला आणि अस्थी घेऊन आईबरोबर खेडीघाटला गेला, नर्मदेवर. त्या मायलेकांनी तिथे जे बोलून घेतलं असेल ते हॉलमधल्या गर्दीत झालं असतं का?

थांबायचं ठरलंच, तर शीतपेटीसाठी वीज सारखी लागते. जुन्या घरातल्या एक्स्टेन्शन वायरवर ती लावू नका, भिंतीतल्या मोठ्या पॉइंटवर लावा. आणि डोळे द्यायचे असतील तर ते सहा तासांतच द्यायचे, थांबण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

लाकडं की विद्युत याबद्दल मी फार बोलणार नाही, ज्यानं जे सांगितलं असेल ते करावं. एका चितेला साधारण तीन-चार क्विंटल लाकूड लागतं. गोकाष्ठाची म्हणजे शेणाच्या ओंडक्यांची सोयही आपल्याकडे बऱ्याच मुक्तिधामांत आहे. विद्युत किंवा गॅसदाहिनीत मंत्राग्नी आधी बाहेर देता येतो, आणि अस्थी त्याच दिवशी मिळतात, तिसऱ्या दिवसाची वाट पाहावी लागत नाही. एक गोष्ट मात्र बहुतेकांना माहीत नसते. छातीत पेसमेकर बसवलेला असेल तर तो दहनाआधी काढून घ्यावा लागतो, उष्णतेनं फुटतो. डॉक्टरला आणि मुक्तिधामातल्या माणसाला आधीच सांगा. तसंच अंगावरचे दागिने घरातच उतरवून, मोजून, दोघांसमक्ष एकाच्या हातात द्या. यावरून नंतर ज्या गोष्टी होतात त्या इथे लिहीत नाही, तुम्हालाही ठाऊक आहेत.

अग्नी कोणी द्यायचा? जटायू रामाचा कोण लागत होता? पण त्याचं दहन रामानं केलं, पित्यासारखं. जिनं शेवटची सहा वर्षं औषधं दिली, डायपर बदलले, ती मुलगी मागे उभी आणि दहा वर्षं बोलणं नसलेला पुतण्या मडकं घेऊन पुढे, हे मी पाहिलंय आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही. मुलीनं अग्नी देऊ नये असा कायदा नाही, आणि आता पुष्कळ गुरुजीही अडवत नाहीत. हा देहाचा भाग आहे की दुःखाचा? माझ्या मते दोन्हींचा. म्हणून आईनं सांगून ठेवलं असेल तर तसं, नसेल तर जिला द्यावासा वाटतो तिला विचारावं. आणि तिला नसेल द्यायचा तर "आजकालच्या मुली" म्हणून तिला पुढेही ढकलू नये. बायकांनी मुक्तिधामात जायचं की नाही याचंही तेच.

आता त्या वाटणीतल्या दुसऱ्या भागाकडे येते. मला तोच जास्त नाजूक वाटतो.

एक निवृत्त प्राध्यापक, फार सरळ माणूस. सगळ्यांना सांगून ठेवलेलं, "माझ्यामागे काही करायचं नाही. दहावा नाही, तेरावा नाही, फोटोला हार नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी कामाला लागायचं." मुलांनी तंतोतंत पाळलं. दुसऱ्या दिवशी घर रिकामं. शेहेचाळीस वर्षं संसार केलेल्या काकू एकट्या. त्यांना कोणी येऊन बसायला हवं होतं, यांच्याबद्दल कोणी बोलायला हवं होतं, संध्याकाळी दिवा लावून काहीतरी ऐकायला हवं होतं. चौथ्या दिवशी त्या मला म्हणाल्या, "त्यांनी सांगितलंय ना, मग कसं करू?" आम्ही पाच-सहा जणी रोज संध्याकाळी जाऊन बसू लागलो. गरुडपुराण वाचलं, कधी नुसत्याच गप्पा झाल्या. प्राध्यापकांची इच्छा मोडली का? त्यांच्या देहाबद्दल त्यांनी सांगितलं ते सगळं झालं होतं. बाकीचं त्यांचं नव्हतंच. तेरा दिवस हे जाणाऱ्यासाठी असतात असं आपण म्हणतो, आणि श्रद्धेनं मानतोही. पण ते राहणाऱ्यासाठीही आहेत. पहिल्या दिवशी शेजारून पिठलं-भात येतो तो कशासाठी? चूल पेटवायची शक्ती नसते म्हणून. जुन्या लोकांनी हे सगळं ओळखलेलं होतं.

उलटही होतं. बाईला काही नको असतं आणि घर तिच्यावर लादतं. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून हे बंद केलं, आणि त्याच महिन्यात महाराष्ट्र सरकारनं बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. एवढंसं गाव! आपण शिकलेल्या शहरातले, आणि अजून कोणीतरी आत्या "रीत आहे" म्हणून पुढे सरसावतेच. अशा वेळी त्या बाईच्या शेजारी घट्ट बसायला एक माणूस लागतं. तेवढं काम आपल्या सेवेतल्या प्रत्येक बाईनं करावं. काही बोलावं लागत नाही, हात धरून बसलं की पुरतं.

आणि जेवणावळ. एका आईनं सांगितलं होतं, माझ्या तेराव्याला गावजेवण नको, ते पैसे कामवालीच्या मुलीच्या फीला द्या. मुलानं फी भरली, आणि कर्ज काढून अडीचशे पानंही घातली. का, तर सासरच्यांनी घातली होती. आईचा शब्द पाळल्याचं समाधानही नाही, कर्जही डोक्यावर. तिच्या म्हणण्यात देह नव्हता हे खरं, पण तिचं म्हणणं आणि मुलाची ऐपत एकाच दिशेला होती. आडवे आले ते फक्त लोक. माळव्यात उठावना असतो, बडोद्याला बेसणं असतं. तासभर बसायचं, दोन भजनं, हात जोडायचे, उठायचं. चहासुद्धा नाही. आपण शेजाऱ्यांची ही रीत उचलली तर काय बिघडेल? बेळगावकडचे आपले गुरुबंधू सांगतात, तिथले लिंगायत शेजारी बसवून पुरतात. सगळ्यांचं पाहिलं की आपलंच तेवढं बरोबर हा हट्ट जरा सैल होतो.

कागदपत्रांचं थोडक्यात. मृत्यू दवाखान्यात झाला तर तिथूनच नोंदीसाठी कळवतात, घरी झाला तर डॉक्टरचा दाखला आणि मुक्तिधामची रसीद घेऊन आपण निगममध्ये नोंद करायची, २१ दिवसांच्या आत. पुढे दंड लागतो, वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा हुकूम आणावा लागतो. अपघात, पडणं, भाजणं असं काही असेल तर आधी पोलिसांना कळवावंच लागतं, तिथे ओळखी वापरून घाई करू नये. रसीद फाडताना नाव आधारवर आहे तसंच सांगा. हिंदीत आपल्या ळ चा ल होतो, काळे यांचे काले होतात, आणि मग बँक, पेन्शन, विमा सगळीकडे तेच निस्तरत बसावं लागतं. दाखल्याच्या सात-आठ प्रती एकदमच काढून ठेवा.

ग्रुपवर कळवताना एकाच निरोपात नाव, वेळ, घराचा पत्ता आणि मुक्तिधामचं नाव लिहा. रामबाग की पंचकुइया हे न लिहिल्यानं माणसं भलतीकडे जाऊन उभी राहतात. आणि त्याखाली शंभर "ॐ शांती" आले की तो निरोप वर जातो, कोणाला सापडत नाही. शांती मनात म्हणा हो. पार्थिवाचा फोटो कृपा करून टाकू नका. तो चेहरा कोणी पाहावा हे ठरवायला तो माणूस आता उठून बसणार नाही.

राहता राहिली ती जिन्यातली भांडणं. ती टाळायला एक पान पुरतं. मी माझं लिहिलं आहे, ह्यांनी दोन वर्षं टाळून गेल्या पाडव्याला लिहिलं. वर नाव, जन्मतारीख, रक्तगट, चालू आजार आणि पेसमेकरसारखं काही असेल तर ते. मग डोळे, त्वचा, देह यांचं काय. दहन कसं, कुठे. अग्नी कोणी दिला तर आवडेल. थांबायचं की नाही आणि जास्तीत जास्त किती. अस्थी कुठे. त्याखाली मी एक ओळ सोडून लिहिलं आहे, "पुढचं तुम्हाला जसं बरं वाटेल तसं." दोन साक्षीदारांच्या सह्या, त्यातली एक शक्यतो वाद घालणाऱ्या माणसाची घ्यावी. आमच्या पानावर धाकट्या दिरांची आहे.

हे मृत्युपत्रात लिहू नका, ते बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतात. बँकेच्या लॉकरमध्ये तर मुळीच ठेवू नका, लॉकर उघडायलाच मृत्यूचा दाखला लागतो. आमचं पान फ्रिजच्या वर, विजेच्या बिलांच्या क्लिपला आहे, आणि त्याचा फोटो दोन्ही मुलांच्या फोनमध्ये. येत्या गुरुवारी आरतीनंतर मी कोरे कागद घेऊन बसणार आहे. ज्यांना वाचता-लिहिता येत नाही किंवा हात थरथरतो त्यांचं मी लिहून देईन. बडोदा, बेळगाव, ग्वाल्हेरच्या मंडळींनी आपापल्या ग्रुपमध्ये कोणाला तरी बसवावं. चष्मा आणायला विसरू नका, मागच्या वेळी माझाच सगळ्यांना फिरत होता.